ऐकणाऱ्याची जागा : आयरिश पुराणकथांच्या एका प्रयोगाच्या निमित्ताने

आयर्लंडच्या मध्ययुगीन वाङ्मयात एक लहानशी आख्यायिका आहे. सातव्या शतकातील कवी शेनखान याने देशातील कवींना एकत्र बोलावले आणि ‘तॉन बो कूलन्ये’ ही कथा अथपासून इतिपर्यंत कोणास येते, असे विचारले. कूलन्ये प्रदेशातील एका बैलासाठी झालेल्या स्वारीची ती कथा. त्या भाषेतील वीरकथांमध्ये तिचे स्थान पहिले. परंतु जमलेल्या कवींपैकी एकालाही ती सबंध येत नव्हती. प्रत्येकापाशी काही तुकडे तेवढे होते. सबंध कथा एका पंडिताने पूर्वीच पूर्वेकडे नेली होती आणि तिच्या मोबदल्यात एक मोठा ज्ञानग्रंथ मिळवला होता. हा ग्रंथ म्हणजे सेव्हिलच्या इसिडोरचा लॅटिन कोश होय, असे अभ्यासक मानतात. कथेच्या शोधात निघालेला शेनखानचा मुलगा मुर्गेन वाटेत फर्गसच्या समाधीपाशी एकटाच बसला आणि समोरचा पाषाण म्हणजे जणू फर्गसच, असे मानून त्याने त्याला उद्देशून कवन म्हटले. तेव्हा दाट धुके उतरले. तीन दिवस आणि तीन रात्री मुर्गेन कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्या युद्धात जो स्वतः वावरला होता तो फर्गस धुक्यातून उठून आला आणि त्याने आरंभापासून शेवटापर्यंत सारी कथा त्याला सांगितली.

ही आख्यायिका ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ या बाराव्या शतकातील हस्तलिखितात नोंदलेली आहे. म्हणजे ग्रंथाच्या मोबदल्यात कथा गेली, ही तक्रार करणाराही ग्रंथ लिहिणाराच आहे. ही विसंगती मनोरंजक असली तरी मला तीपेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कथा परत आली ती ग्रंथ परत देऊन नव्हे. ऐकण्याची आस असलेला एक माणूस एका दगडापाशी बसून राहिला, म्हणून ती परत आली. सांगणारा मेलेला असला तरी चालेल, पण ऐकणारा जिवंत हवा, असा विलक्षण विचार या आख्यायिकेत आहे. आणि मौखिक वाङ्मयाविषयी आपण जे पुष्कळदा लिहितो त्यात या ऐकणाऱ्याची दखल क्वचितच घेतलेली असते.

गेल्या हिवाळ्यात डब्लिन येथे आयरिश पुराणकथांच्या कथनाचा एक प्रयोग पाहण्याचा, खरे म्हणजे ऐकण्याचा, योग प्रस्तुत लेखकास आला. लिफी नदीच्या दक्षिणेस एका जुन्या पानगृहाच्या माडीवर साठएक माणसे बसली होती; त्यांतील निम्मी तरी परदेशी प्रवासी असावीत. एक पुरुष आणि एक स्त्री असे दोघे कथनकार, आणि फिड्ल वाजवणारा तिसरा. मेणबत्त्या होत्या, पडदा नव्हता, वेशभूषा नव्हती. भाषा इंग्रजी, मधूनमधून आयरिश. दोन तासांत तीन कथा सांगितल्या गेल्या : फेर्दियाचे द्वंद्व, लिरची मुले आणि ओशीनचे परत येणे. प्रश्न व्यक्तींच्या गुणदोषांचा नसून पद्धतीचा आहे, म्हणून कलावंतांची नावे येथे देत नाही. एवढे मात्र प्रारंभीच म्हटले पाहिजे, की दोघेही आपल्या कामात तयार होते आणि श्रोत्यांना त्यांनी क्षणभरही सैल सोडले नाही. अशा प्रयोगाविषयी तक्रार करावीशी वाटली, तर ती त्याला गंभीरपणे घेतल्याचीच खूण समजावी.

आपल्याकडील वाचकाला या कथा बहुधा येट्स, लेडी ग्रेगरी आणि सिंग यांच्यामार्फत ठाऊक असतात. ‘गीतांजली’ला १९१२ साली प्रस्तावना लिहिणारा आणि ज्याच्या ॲबी नाट्यगृहात १९१३ साली रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ इंग्रजीत रंगले, त्या येट्सने कू खुलन या वीरावर एकामागून एक नाटके लिहिली; १९०४ च्या डिसेंबरात ॲबी उघडले तेव्हा पहिल्याच रात्री त्यांतले एक होते. त्यामुळे या कथांचे रंगभूमीवर येणे आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु नाटक आणि कथन या भिन्न गोष्टी आहेत, आणि आयरिश परंपरेत कथनाचेही दोन वर्ग होते. लांबलचक वीरकथा आणि अद्भुतकथा सांगणारा तो ‘श्केली’. गावातील माणसे, कुळे, जागा, भुताखेतांच्या हकिकती सांगणारा तो ‘शनखी’. पहिल्याचे काम अवघड. एकेक कथा कित्येकदा तास न् तास चाले, एकाच रात्रीत संपतही नसे, आणि ती थंडीच्याच दिवसांत, साविनच्या सणापासून ब्याल्तनेपर्यंत, चुलीभोवती सांगायची असा संकेत होता. त्याहीपूर्वी, राजदरबारच्या कवीला साडेतीनशे कथा मुखोद्गत असाव्यात अशी अपेक्षा होती. आणि त्या कथांच्या याद्या नायकांनुसार नव्हेत, तर प्रसंगांनुसार लावलेल्या आहेत : गोहरणे, मागण्या, मृत्यू, समुद्रप्रवास.

विसाव्या शतकात रंगमंचावर आणि आकाशवाणीवर टिकला तो शनखी. केरीचा नट एमन केली (१९१४–२००१) याने १९७५ पासून ॲबीच्या रंगमंचावर शनखीला आणून बसवले आणि त्याची बोलण्याची ढब साऱ्या देशाच्या परिचयाची झाली. श्केलीला असा वारस मिळाला नाही. त्याचे जे काही राहिले ते वह्यांत राहिले. १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने जेम्स डिलार्गी यांच्या नेतृत्वाखाली खेडोपाडी संग्राहक पाठवले. हे लोक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करीत, त्यावरून कथा शब्दशः उतरवून घेत, आणि नळकांडी महाग असल्याने ती खरवडून पुन्हा वापरीत. त्यामुळे कथेतील प्रत्येक शब्द राहिला आणि ज्या आवाजात तो उच्चारला गेला तो आवाज बहुतेक ठिकाणी पुसला गेला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी घरातील वृद्धांकडून ऐकून लिहिलेली पाने तर सात लाखांवर भरतात. इतके सारे सुरक्षित आहे. पण श्केली कसा सांगे, कुठे थांबे, कुठे घाई करी, हे सांगणारे त्यात फार थोडे. आज माडीवर उभे राहून कू खुलनची कथा सांगणाऱ्या तरुणाला म्हणूनच गुरू नाही. तो पुस्तकावरून कथा शिकतो आणि शनखीवरून, नाटकावरून, कधी विनोदी एकपात्री प्रयोगांवरून ती सांगण्याची रीत उचलतो. मी ऐकलेल्या प्रयोगातील बहुतेक गुणदोषांचे मूळ येथेच आहे.

प्रयोगातील सर्वांत सरस भाग पहिला. कू खुलन आणि फेर्दिया हे एकाच गुरूकडे वाढलेले गुरुबंधू. राणी मेवच्या सैन्याला कू खुलन एकटा एका उतारावर अडवून धरतो. मेव लोभ, मद्य आणि अपकीर्तीची भीती घालून फेर्दियाला त्याच्यावर पाठवते. द्वंद्व चार दिवस चालते. पहिल्या दिवशी फेकण्याची शस्त्रे. संध्याकाळ झाली की दोघे शस्त्रे टाकून एकमेकांना मिठी मारतात. त्यांचे घोडे एका कुरणात चरतात, सारथी एका शेकोटीपाशी बसतात. कू खुलनकडे येणाऱ्या औषधी वनस्पतींतला निम्मा वाटा तो नदीपलीकडे धाडतो, फेर्दिया आपल्याकडील अन्नपाण्याचा निम्मा वाटा अलीकडे पाठवतो. दुसऱ्या दिवशी भाले, संध्याकाळ तशीच. तिसऱ्या दिवशी तलवारी, आणि त्या संध्याकाळी घोडे एका कुरणात नाहीत, सारथी एका शेकोटीपाशी नाहीत. चौथ्या दिवशी फेर्दिया मरतो.

लेन्स्टरच्या ग्रंथात हा भाग जवळजवळ त्याच त्या शब्दांत तीनदा येतो, आणि छापील पानावर वाचणारा दुसऱ्या वेळी ओळी गाळून पुढे जातो. माडीवर मात्र कथनकाराने काहीही गाळले नाही. पहिल्या संध्याकाळचे वर्णन त्याने जसे केले तसेच, त्याच स्वरात, दुसऱ्या संध्याकाळचे केले. श्रोत्यांत चुळबूळ झाली. मागे कोणी हसलेही. तिसऱ्या संध्याकाळी त्याने घोड्यांपासून आरंभ केला आणि वाक्यात एकच नकार घातला. तेवढ्या एका ‘नाही’ने त्या खोलीत जी शांतता पसरली ती कोणत्याही अभिनयाने साधली नसती. पुनरावृत्ती हा मौखिक कथेचा दोष आहे, स्मरणाच्या सोयीसाठी तो पत्करावा लागतो, असे आपण शिकवीत आलो आहोत. येथे उघड दिसत होते, की पुनरावृत्ती ही सोय नसून रचना आहे. ऐकणाऱ्याच्या मनात आधी एक सवय घडवावयाची आणि मग ती मोडावयाची. वाचकाच्या बाबतीत हे साधत नाही, कारण त्याच्या हातात पान उलटण्याचा अधिकार असतो.

मृत फेर्दियाला कू खुलन उचलून उताराच्या उत्तर तीरावर आणतो आणि तेथे शोक करतो. हा शोक मूळ कथेत पद्यात आहे. जुन्या आयरिश कथांचा घाटच गद्यपद्याच्या मिश्रणाचा. घटना गद्यात सांगितली जाते, आणि पात्राला जेव्हा काही सांगितल्यावाचून राहवत नाही तेव्हा पद्य येते. सांगणारा एरवी सांगणाराच असतो. पद्यापुरता तो पात्र होतो. हा भेद आपल्याकडे कीर्तन ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. आमच्या कथनकाराने मात्र येथे पद्य टाळले. त्याने गद्यातच हुंदका आणला, आवाज कापरा केला, आणि आतापर्यंत राखलेले अंतर एका क्षणात सोडून दिले. फेर्दियाविषयी वाटणारा शोक श्रोत्यांच्या मनात पुरता तयार झालेला होता. तो कथनकाराने स्वतःच वापरून टाकला. नाटकाची सवय कथनाला कशी बाधते याचा हा नमुना.

भाषेच्या प्रश्नाचाही येथेच विचार करणे सोयीचे. जुन्या वीरकथांमध्ये नायक शस्त्रे चढवतो, नाव समुद्रात लोटतो किंवा लढतो, अशा जागी ठराविक अनुप्रासयुक्त शब्दांची एक लांब माळ भरधाव म्हटली जाते. तीत इतके जुने शब्द असतात, की पुष्कळदा खुद्द सांगणाऱ्यालाही त्यांचा अर्थ सांगता येत नसे. अभ्यासक तिला ‘धाव’ अशा अर्थाचे नाव देतात. स्त्री कथनकाराने मध्यंतरापूर्वी अशी एक धाव आयरिशमध्ये म्हटली. भाषांतर दिले नाही. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांवर लोकांनी आपल्याला आयरिश येते असे नोंदवले असले, तरी शाळेबाहेर ती रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आसपासच आहेत. त्या खोलीत समजणारे किती असतील याची कल्पना यावरून येईल. तरीही साऱ्या खोलीचे अंग सावरले. न समजलेल्या शब्दांचा हा परिणाम नादाचा होता, गूढतेच्या आकर्षणाचा होता, की एका जवळजवळ गेलेल्या भाषेविषयीच्या अपराधी भावनेचा, हे मला ठरवता आले नाही; तिन्ही असावीत. इंग्रजीतील कथन याच्यापुढे एकाएकी सपाट वाटू लागले, आणि याला कारण इंग्रजी भाषा नव्हे. त्या इंग्रजीला स्वतःची धाव घडवण्याचा प्रयत्नच कोणी केला नव्हता, हे कारण. भाषांतर करणाऱ्यांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

उत्तरार्धातील दोन कथांविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते सविस्तर मांडणे अवश्य आहे. कारण त्यांतील दोष एका भूमिकेतून आलेला आहे. आपण ख्रिस्तपूर्व, शुद्ध, मठवाशांच्या हस्तक्षेपावाचूनच्या कथा सांगत आहोत, असे त्या दोघांनी आरंभी जाहीर केले. ही भूमिका आज लोकप्रिय आहे. चर्चविषयीचा त्या देशातील अलीकडचा कडवटपणा लक्षात घेतला म्हणजे ती समजण्याजोगीही आहे. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने ती टिकत नाही. या कथांचा एकही लिखित शब्द मठांत वाढलेल्या लेखनपरंपरेवाचून आपल्यापर्यंत आलेला नाही. ‘वरचा थर’ खरवडून काढला, की खाली मूळ चित्र सापडते, अशी त्यामागची समजूत आहे. येथे खरवडल्यावर फळीच निघते.

लिरच्या मुलांची कथा घ्या. सावत्र आई चार भावंडांना हंस करते. त्यांचा मनुष्यवाणीचा आणि गाण्याचा गुण तेवढा ठेवते. तीनशे वर्षे एका सरोवरावर, तीनशे उत्तरेच्या मॉइल समुद्रावर, तीनशे पश्चिमेच्या टोकाशी. प्रयोगात ही नऊ शतके थंडी, वारे आणि फिड्लचे करुण स्वर यांत गेली आणि शेवटी शाप आपोआप सुटला. घंटा नाही, साधू नाही, बाप्तिस्मा नाही.

आता मूळ कथेची बांधणी पाहा. पहिली तीनशे वर्षे सुखाची आहेत, कारण सरोवराच्या काठी ऐकायला माणसे येतात. जमातीच्या जमाती तेथे मुक्काम ठोकून हंसांचे गाणे ऐकतात. दुसरी तीनशे वर्षे भयंकर आहेत ती केवळ बर्फामुळे नव्हेत. त्या समुद्रावर ऐकणारे कोणी नाही. तिसऱ्या टप्प्यात पश्चिम किनाऱ्यावर एव्रिक नावाचा एक तरुण पक्ष्यांचे गाणे ऐकतो, त्यांच्याशी बोलू लागतो, आणि कथा सांगते, की त्यांची ही हकिकत लोकांपर्यंत आली ती त्यानेच लावून सांगितल्यामुळे. नंतर बेटावर साधूची घंटा वाजते. तो अनोळखी आवाज ऐकून तिघे भाऊ घाबरतात. बहीण फिनूला त्यांना समजावते, की हाच तो सुटकेचा नाद. नऊशे वर्षे जे गात आले त्यांच्यावर आता ऐकण्याची पाळी येते. पिसे गळून पडतात आणि आत अतिवृद्ध, हाडांची माणसे निघतात. बाप्तिस्मा घेऊन ती मरतात, आणि फिनूलाच्या इच्छेप्रमाणे तिच्या पंखांखाली भाऊ जसे निवाऱ्याला असत तसेच तिच्याभोवती त्यांना पुरले जाते. हा शेवट धर्मप्रचाराचा आहे असे म्हणणारा माणूस त्यातला करार ऐकतच नाही. त्यात नवा धर्म मुक्ती देतो खरा, पण मृत्यूच्या रूपाने. हंसांचे गाणे घंटेने थांबते. हे ज्याने रचले तो, धर्माने ख्रिस्ती असला तरी, काय गमावले जात आहे हे पूर्ण जाणून होता. प्रयोगाने घंटा काढली तेव्हा हा ताण गेला. आणि एव्रिकला काढले तेव्हा तर स्वतःच्या व्यवसायाचा आद्य पुरुषच काढून टाकला.

ओशीनच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे घडले. नीवबरोबर तीर ना नोग या चिरतारुण्याच्या देशात गेलेला ओशीन तीनशे वर्षांनी परततो, घोड्यावरून भूमीवर पडतो आणि क्षणात जराजर्जर होतो. प्रयोग येथे संपला, दिवे विझले, टाळ्या झाल्या. पण ही कथा आज ज्या स्वरूपात सर्वतोमुखी आहे ते स्वरूप मायकेल कॉमिन या कवीच्या सुमारे १७५० च्या रचनेतून आलेले आहे, आणि त्या रचनेत ती ओशीन स्वतः सांगत असतो, संत पॅट्रिकला. येट्सने १८८९ साली ओशीनवर दीर्घ काव्य लिहिले तेव्हाही ही चौकट मोडली नाही. पडलेला ओशीन मेला नाही; म्हातारा, आंधळा होऊन तो एका शत्रूपाशी, जो त्याच्या साऱ्या जगाला खोटे मानतो त्याच्यापाशी, ते जग सांगत बसला. कथेचा मर्मभाग हा. घोड्यावरून पडणे ही फक्त तेथपर्यंत पोचण्याची वाट. व्यासांची कथा वैशंपायन जनमेजयाला सांगतो आणि ती पुन्हा सौती शौनकादिकांना सांगतो, ही चौकट टाकून महाभारत सांगता येईल. मात्र ज्याच्या पित्याच्या मृत्यूचा सूड चालू आहे त्याच सर्पसत्रात, त्याच राजाला, त्याच्या पूर्वजांचा संहार ऐकवला जातो आहे, ही गोष्ट त्याबरोबर जाईल.

पॅट्रिक हा या परंपरेतला सर्वांत लक्षणीय श्रोता आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी रचलेल्या ‘वृद्धांचा संवाद’ या विस्तृत ग्रंथात फिनच्या तुकडीतील उरलेला वृद्ध कील्ते पॅट्रिकबरोबर आयर्लंडभर हिंडतो आणि प्रत्येक टेकडी, झरा, थडगे यांची कथा सांगतो. पॅट्रिकला ऐकण्यात इतकी गोडी वाटते, की आपण प्रार्थनेत हयगय तर करीत नाही ना, अशी शंका त्याला येते. तेव्हा त्याचे दोन रक्षक देवदूत येऊन सांगतात, की या कथा लिहवून घ्या. पुढील काळातील लोकांना त्यात आनंद मिळेल. कथा ऐकण्याची आसक्ती, तिच्याविषयीचा संकोच आणि शेवटी मिळालेली मोकळीक हे सारे येथे एका माणसाच्या मनात दाखवले आहे. माडीवरील प्रयोगात श्रोत्याला असा संकोच वाटण्यास जागाच ठेवलेली नव्हती. त्याने फक्त हळहळावयाचे होते.

लेन्स्टरच्या ग्रंथातील ‘तॉन’च्या अखेरीस लेखनिकाच्या दोन नोंदी आहेत. पहिली आयरिशमध्ये : जो ही कथा याच रूपात, दुसरे रूप न देता, नीट पाठ करील त्याला आशीर्वाद. दुसरी लॅटिनमध्ये : मी ही हकिकत, किंवा खरे तर कल्पित कथा, लिहिली असली तरी तिच्यातील काही गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही राक्षसी माया आहे, काही कवींची रचना, काही संभवनीय, काही असंभव, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. विश्वास नसताना त्याने ती पानेच्या पाने नकलून काढली, आणि नंतर आशीर्वाद व अविश्वास एकाखाली एक लिहून ठेवले. आधुनिक कथनकाराला या माणसाची लाज वाटते. वस्तुतः तो त्यांच्या श्रोत्यांना सर्वांत जवळचा आहे. त्या साठ माणसांपैकी कोणाचाही हंसांवर विश्वास नव्हता, आणि तरी ती पैसे देऊन, थंडीत, जिना चढून आली होती.

डिलार्गी यांनी केरीच्या शॉन ओ कॉनिल या श्केलीविषयी लिहून ठेवले आहे, की ऐकणारे उरले नाहीत तेव्हा, आपण कथा विसरून जाऊ या भीतीने, आसपास कोणी नाही असे पाहून तो त्या मोठ्याने, हातवारे करीत, स्वतःलाच सांगे. १९३१ साली तो वारला. त्याच्या कथांचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. माडीवरील दोघा कथनकारांना श्रोते आहेत, आणि फेर्दियाच्या तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी दाखवले, की त्या श्रोत्यांचे काय करावे हे त्यांना कळते. पुढच्या महिन्यात ते डियर्ड्राची कथा सांगणार असल्याचे निघताना जाहीर झाले. जिच्यापायी अल्स्टरचे राज्य दुभंगले ती ही डियर्ड्रा, आणि सिंगचे शेवटचे नाटक तिच्यावरच आहे. त्या कथेचा आरंभ राजाच्या कथाकाराच्या घरी, मेजवानीच्या रात्री होतो. ती त्याचीच मुलगी, आणि जन्मण्यापूर्वी आईच्या उदरातून तिने फोडलेली किंकाळी तेथे जमलेले सगळे ऐकतात. ते घर आणि ते ऐकणारे या वेळी त्यांनी ठेवावेत असे मला फार वाटते. प्रयोगापूर्वीच मला ते शहर सोडावे लागले.